नवव्याच्या वाट्याचं दूध

तापकिगेन पुरुष झाली तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. त्या दिवशी तिने पाठीवरची लाकडाची मोळी शेवटची खाली टाकली, मेलेल्या नवऱ्याचा जाड लोकरी कोट अंगात घातला, त्याची काठी हातात घेतली आणि पंचांच्या झाडाखाली म्हाताऱ्यांच्या ओळीत जाऊन बसली. कोणी हसलं नाही. हसण्यासारखं त्यात काही नव्हतंच. नवरा, किपचुंबा, दोन वर्षांपूर्वी गेला होता. दोन मुली होत्या, त्या लग्न होऊन लांब गेल्या होत्या. मुलगा नव्हता, आणि ज्या घराला मुलगा नाही ते घर आम्ही नांदी जमातीचे लोक विझलं असं धरतो. त्याची जमीन मग भावाकडे जाते. भाऊ होता. किरोंगो त्याचं नाव, आणि नवं कुंपण कुठून कुठे घालायचं हे त्याने दफनाच्या दिवशीच मनाशी ठरवून टाकलं होतं.

अशा बाईसाठी आमच्याकडे एक वाट ठेवलेली आहे. तिने स्वतःच नवरा व्हायचं. गाई द्यायच्या, रीतसर मागणी घालायची, बायको आणायची. त्या बायकोला जी मुलं होतील ती या घराची. त्यांचा बाप कोण हे कोणी विचारत नाही, कारण बाप समोरच कोट घालून बसलेला असतो. बदल्यात अट एकच. नवरा झालेल्या बाईने पुन्हा बाईच्या कामाला हात लावायचा नाही. चूल पेटवायची नाही, पाणी भरायचं नाही, गाईची धार काढायची नाही, दूध ठेवायच्या भोपळ्याच्या तुंब्याकडे तर बघायचंही नाही.

तापकिगेनने पलीकडच्या टेकडीवरच्या जेमेलीला आणलं. जेमेली उंच, दांडगी, मोठ्यांदा हसणारी. तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि घरचे तिच्याकडे बघून उसासे टाकायचे, त्याला ती कंटाळली होती. पहिले काही महिने दोघींनाही अवघड गेले. तापकिगेनचे हात शिवशिवायचे. एकदा चुलीवर दूध उतू जात होतं आणि जेमेली बाहेर गोठ्यात होती. तापकिगेन दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिली आणि तिथूनच हाका मारत राहिली. निम्मं दूध राखेत गेलं. जेमेली धावत आली, तिने राखेकडे पाहिलं, मग कोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मालक, एवढे कडक पुरुष तर पुरुषांतही नसतात." त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

किबिवोत ऐन पावसात जन्मला. नावच त्यावरून पडलं. पोरगा शाळेला दरी उतरून, दरी चढून जायचा, म्हणजे धावतच जायचा. आमच्याकडे सगळीच पोरं धावतात, त्याचं कोणाला काय कौतुक. पण हा धावताना दमतो असं दिसायचं नाही, एवढं मात्र लोक बोलायला लागले. त्याची वयात येण्याची दीक्षा झाली तेव्हा बापाच्या जागी तापकिगेन उभी राहिली आणि म्हाताऱ्यांनी त्याला नाव दिलं अराप चुंबा, म्हणजे किपचुंबाचा मुलगा. विझलेलं घर सगळ्यांच्या साक्षीने पेटलं. त्या रात्री ती कोट न काढताच झोपली, असं जेमेली नंतर सगळ्यांना सांगत सुटली होती.

पुढच्याच वर्षी जेमेली छातीच्या दुखण्याने गेली. घरात बाई उरली नाही. शेजारची जेबेत, दुकानवाली, रोज सकाळी येऊन धार काढायची, मक्याच्या पिठाची उगाली रटरटवून झाकून ठेवायची आणि जायची. किरोंगोला हे आयतंच सापडलं. तो पंचांपुढे कुरकुर करू लागला, की पोरगा सदान्‌कदा धावण्याच्या शिबिरात, घरात दिवसभर एकटी म्हातारी, मग चूल कोण पेटवतं ते एकदा बघा. गावात तापकिगेनला सगळे आबा म्हणायचे. किरोंगो तेवढा मुद्दाम वहिनी म्हणायचा, तेही चारचौघांत, आणि ते ऐकून ती काठीची मूठ घट्ट धरायची. शेवटी दोन वर्षांनी पंचांनी पावसाळ्याआधी बैठक घेऊन काय ते ठरवू असं सांगितलं. नवरा म्हणून ती खरी ठरली नाही तर तिचं लग्न लग्न राहणार नव्हतं, आणि लग्नच नाही तर किबिवोत त्या जमिनीवर कोणीच नव्हता.

त्याच वर्षी किबिवोतची देशाच्या संघात निवड झाली. जगाची क्रॉस कंट्री स्पर्धा, वीस वर्षांखालच्यांची शर्यत, सहा पोरं. आमच्या देशात त्या सहांत येणं पुढच्या शर्यतीपेक्षाही अवघड असतं. रविवारी दुपारी निम्मं गाव जेबेतच्या दुकानापुढे रेडिओला कान लावून बसलं होतं. तापकिगेन बाकावर बसली होती, दोन्ही हात काठीवर, हनुवटी हातांवर.

कुठल्याशा थंड देशात, चिखलात शर्यत होती. रेडिओवरचा माणूस भराभर बोलत होता. पहिला आला तो रेरिमोई, दरीपलीकडच्या कापतिच गावचा. दुकानापुढे एकच गलका झाला, जेबेतने हातातलं फडकं आकाशात उडवलं. पुढचे नंबर कोणी ऐकलेच नाहीत. किबिवोत नववा आला हे तापकिगेनने ऐकलं आणि तिने मान हलवली. जगात नववा. तिला ते वाईट वाटलं नाही.

थोड्या वेळाने संघाचा निकाल लागला. संघाचा हिशेब वेगळा असतो. पहिल्या चौघांचे नंबर मिळवायचे, ज्याची बेरीज कमी तो देश पहिला. आमचे पहिला, पाचवा, सहावा आणि नववा, एकूण एकवीस. इथिओपियाचे दुसरा, तिसरा, सातवा आणि आठवा, एकूण वीस. एका आकड्याने सोनं गेलं. रेडिओवरचा माणूस तेवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याने सगळं समजावून सांगितलं. अगदी शेवटापर्यंत किबिवोत अराप चुंबा आठवा होता, दोरीला दहा पावलं उरली असताना इथिओपियाचा पोरगा त्याच्या अंगावरून पुढे गेला, ती जागा राखली असती तर सोनं आपलं होतं.  मग माणसं एकेक करून उठली, आणि उठताना तापकिगेनकडे बघायचं सगळ्यांनी टाळलं. एकट्या किरोंगोने तिच्याकडे बघितलं.

सोमवारी जेबेतच्या फोनवर पोराचा फोन आला. आवाज खोल गेलेला होता.

"बाबा, एका माणसामुळे गेलं. तो माणूस मी."

"ऐकलं रेडिओवर. घरी कधी येतोस?"

"बघतो. थोडे दिवस इकडे राजधानीतच राहीन म्हणतो. एक जण राखणदाराचं काम देतोय."

 राजधानीत असे राहिलेले पोरगे तिला माहीत होते. एका हंगामासाठी राहिलेले, मग फाटकाशी लाकडी दंडुका घेऊन उभे असलेले, मग दारूवर गेलेले, मग ज्यांच्याविषयी घरी कोणी बोलत नाही असे. तीन घरांतले तीन पोरगे तर ती याच टेकडीवर बोटाने दाखवू शकली असती.

ती म्हणाली, "शनिवारी ये. तुझ्यासाठी मुरसिक लावलंय."

 मुरसिक म्हणजे तुंब्यात मुरवलेलं दूध, बाहेरून जिंकून आलेल्याला वेशीवर आईच्या हातून मिळतं ते. हरून आलेल्याला द्यायचं नाही असा नियम कोणी केलेला नाही, पण दिलेलं कोणी पाहिलेलंही नाही.

"माझ्यासाठी?" त्याने विचारलं.

"मग काय माझ्यासाठी? शनिवारी ये."

"येतो," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

तिने थाप मारली नव्हती. जेबेतने निवड झाली त्याच दिवशी सांगितलं होतं, की पोराची आई नाही तर मी लावीन, आणि खरोखरच तिच्या घरात एक तुंबा भरून ठेवलेला होता. पण मंगळवारी सकाळी धार काढून झाल्यावर जेबेत उगाच दारात घुटमळत राहिली.

"आबा, रागावू नका," ती म्हणाली. "शनिवारीच रेरिमोई येतोय. सगळं गाव कापतिचला चाललंय. बायकांनी ठरवलंय, आपल्या गावाकडून तुंबा न्यायचा. माझा तेवढा तयार आहे."

"तो किबिवोतसाठी होता."

"होता. पण आबा, हरलेल्याला मुरसिक दिलं तर लोक त्यालाच हसतील. त्याच्या भल्यासाठीच सांगते. गुपचूप येऊ दे त्याला घरी."

जेबेत वाईट बाई नव्हती. दोन वर्षं फुकट धार काढणारी बाई वाईट कशी असेल? पण गाव जिकडे तोंड करतं तिकडेच तिचंही तोंड असायचं, आणि अशी माणसं ऐन वेळी कामाला येत नाहीत. तापकिगेनने तिला दुसरा तुंबा लावायला सांगून पाहिलं. जेबेत म्हणाली दूध नाही, वेळ नाही, चार दिवसांत कसलं मुरतंय. आणि गेली.

तापकिगेन कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसून होती. शनिवारी पोरगा गाडीतून उतरेल आणि रस्ता रिकामा असेल. तिने सांगितलं म्हणून तो येणार होता. रिकामा रस्ता बघून तो त्याच गाडीने परत जाईल, आणि पुन्हा हाक मारली तरी येणार नाही, हे तिला आत्ताच दिसत होतं. दुसरीकडे बैठक तोंडावर आली होती. बावीस वर्षं तिने एक भांडं विसळलं नव्हतं, ते याच पोराला जमीन मिळावी म्हणून. आता त्याच पोरासाठी भांड्याला हात लावायचा, आणि लावला की पोराची जमीन जायची. ती स्वतःशीच मोठ्यांदा म्हणाली, "घर राखायचं आणि घरात यायला माणूस नाही. काय चाटायचंय ते घर?"

मग ती उठली. जेमेलीचा तुंबा आढ्याला टांगलेला होता. तिने तो काढला, कोळिष्टकं झाडली. तीन दगडांच्या चुलीत तिने काटक्या रचल्या, आणि पेटवायला बसली तेव्हा काडी पेटेना, तीनदा विझली. दूध तापवलं, निवत ठेवलं. ताडाच्या काड्यांच्या कुंच्याने तुंबा आतून घासला. रानातून तोडून आणलेली ओली काठी विस्तवात धरली, टोक लाल झाल्यावर तुंब्यात घालून गरगर फिरवली, तसा धुराचा तो गोडसर वास आला आणि तिचे डोळे भरून आले. लग्न होऊन आली तेव्हा सासूने हेच काम तिला पहिलं शिकवलं होतं. कोळसा किती लावायचा ते हात विसरले होते. जरा जास्तच लागला असावा असं तिला वाटलं, पण आता काढता येत नव्हता.

ती दूध ओतत होती तेव्हा कुंपणाकडून हाक आली.

"वहिनी, छपरातून धूर दिसला. कोण आलंय?"

तिचे हात जागच्या जागी थांबले. तोंडातून निघून गेलं, "जेबेत आहे."

"जेबेत तर दुकानात बसलीय," किरोंगो म्हणाला. "आत्ताच तिच्याकडून साखर घेतली."

तो आत आला नाही. तेवढं बोलून आपल्या शेताकडे चालता झाला. तुंबा ओतून द्यायला, चूल विझवायला, हात धुवायला अजून भरपूर वेळ होता. धूर म्हणजे काही पुरावा नव्हे. तिने तुंब्याचं तोंड बंद केलं आणि तो थंड कोपऱ्यात ठेवून दिला.

शनिवारी सकाळपासून मोठ्या रस्त्यावरून गाड्या कापतिचकडे जात होत्या, भोंगे वाजवत, टपावर पोरं, खिडक्यांतून हिरव्या फांद्या. जेबेत दुकान बंद करून गेली. गावात उरली ती जाऊ न शकणारी माणसं. अराप बिर्गेन हा पंचांतला सर्वांत म्हातारा, ऐंशी ओलांडलेला, त्याला दरी उतरवत नव्हती. पण तो चहाच्या मळ्याजवळच्या थांब्यावर येऊन दुकानाच्या भिंतीशी बसला होता, आणि त्याला हाताला धरून आणलं होतं किरोंगोने. ते दोघे दिसले तेव्हा तापकिगेन समजून चुकली. ती तशीच पुढे आली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिली. अंगात कोट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात तुंबा.

"अराप बिर्गेन, हात बघा तिचे," किरोंगो म्हणाला.

बघण्यासारखे होतेच. चार दिवस घासूनही नखांतला कोळसा निघाला नव्हता.

म्हाताऱ्याने घसा खाकरला. "तुंबा कोणी भरला, तापकिगेन?"

"मी."

"घासला कोणी?"

"मीच. चूलही मीच पेटवली. विचारत बसू नका, सगळं मीच केलं."

"मंगळवारी मला म्हणाली जेबेतने केलं," किरोंगो म्हणाला.

"खोटं बोलले तेव्हा. आता खरं सांगतेय."

तेवढ्यात प्रवाशांची मटाटू गाडी आली. सगळ्यांत शेवटी किबिवोत उतरला. अंगात देशाचं जाकीट, पाठीवर पिशवी, मान खाली. गाडी निघून गेली तरी तो रस्त्यापलीकडेच उभा राहिला. त्याने रिकाम्या थांब्याकडे पाहिलं, बंद दुकानाकडे पाहिलं, मग तुंब्याकडे पाहिलं. तो रस्ता ओलांडून आला तेव्हा किरोंगो बोलतच होता. तो आवाज चढवत नव्हता, ठरवून आलेल्या माणसासारखा सावकाश बोलत होता.

"एवढी वर्षं आम्ही शेजारी बसवलं, बाप म्हणून मान दिला. आता हिनेच सांगितलं आपण कोण ते. ही माझी वहिनी. वहिनीला मुलगा नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मग हा पोरगा कोणाचा?"

किबिवोतने ते ऐकलं.  कोळशाने काळी झालेली नखं त्यालाही दिसली, आणि त्या तुंब्याची काय किंमत पडली आहे ते त्याला कळलं. तो तापकिगेनसमोर उभा राहिला.

"मी नववा आलो," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. घे."

त्याने तुंबा दोन्ही हातांनी घेतला आणि तोंडाला लावला. मधे श्वासही न घेता तो पीत राहिला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तसंच दुधात उतरत होतं. तापकिगेनही रडत होती, कोटाच्या बाहीने नाक पुसत होती. आपण काय गमावलं हे तिला पुरतं ठाऊक होतं आणि त्या घटकेला त्याचं काहीएक वाटत नव्हतं. पोरगा घरी आला होता.

"घ्या," किरोंगो म्हातारबाबाला म्हणाला. "तिच्या हातचं प्याला. म्हणजे आई झाली. आता याचा बाप कुठे आहे ते विचारा त्याला."

किबिवोतने मनगटाने तोंड पुसलं. ओठांना काळे कण लागले होते. त्याने तुंबा परत तिच्या हातात दिला, जाकिटाची चेन खाली ओढली, सदऱ्याची बटणं सोडली आणि तिच्यापुढे गुडघे टेकले. दीक्षेच्या दिवशी टेकले होते तसेच, छाती उघडी करून.

"काका बाप विचारतोय," तो म्हणाला. "बाबा, आशीर्वाद द्या."

लांबून आलेल्या मुलाच्या छातीवर दुधाची चूळ फवारून आशीर्वाद द्यायचा, तो फक्त बापाने. बाईने तसं केलेलं नांदी देशात कोणी पाहिलेलं नाही.  तापकिगेनने काठी बगलेत धरली, तुंबा वर उचलला आणि तोंड भरून घोट घेतला. मग पुरुष फवारतात तशी पोराच्या छातीवर, कपाळावर, दोन्ही खांद्यांवर चूळ फवारली.

"पाय शाबूत राहू देत," ती म्हणाली. "गाई वाढू देत. हरलास तरी घरी ये, जिंकलास तरी घरी ये."

शेवटचं वाक्य आशीर्वादात नसतं. तिने ते घातलं.

 कापतिचकडून ढोलांचा आवाज दरीवरून येत होता. अराप बिर्गेनने हात पुढे केला, तापकिगेनकडून तुंबा मागून घेतला, स्वतः एक घोट प्याला आणि तोंड वाकडं केलं.

"किरोंगो, आई आहे का बाप आहे ते बघायला तू मला इतक्या लांब आणलंस. मी बघितलं. दोन्ही आहेत. आता मला दुसरंच बघायचंय. या पोराला काका आहे का नाही?"

आणि त्याने तुंबा किरोंगोपुढे धरला.

दूध नाकारणं म्हणजे काय हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. नाकारलेलं दूध माणसाच्या गाईंवर उलटतं, पोराबाळांवर उलटतं. आणि घेतलं, तर ज्याच्या नावाने ते उघडलं तो आपल्या रक्ताचा. किरोंगो तुंब्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या मनातलं कुंपण त्याला दिसत असणार. त्याने एकदा गुडघ्यावर बसलेल्या पोराकडे पाहिलं, आणि ते कपाळ, दुधाने भिजलेलं, त्याला काय सांगून गेलं कोण जाणे. त्याने तुंबा घेतला आणि प्याला.

"कोळसा जास्त झालाय," तो म्हणाला.

"बावीस वर्षांनी हात लावलाय," तापकिगेन म्हणाली. "पुढच्या खेपेला तुझ्या बायकोकडून लावून घेऊ."

बैठक झालीच नाही. अराप बिर्गेनने पंचांना काय सांगितलं ते पंचांनाच ठाऊक.

घराकडे चढताना किबिवोतने न विचारता सगळं सांगितलं. त्याला दूरवर दोरीपाशी रेरिमोई दिसला होता, दोन्ही हात वर केलेला. आमच्या टेकड्यांवरच्या शर्यतीत पहिला आला की शर्यत संपते, मागचे चालत येतात आणि त्याला खांद्यावर घेतात. तिथल्या चिखलातही तो तेच समजला. आपला जिंकला, त्याला वाटलं, आणि पाय आपोआप हलके झाले, दोनच पावलं. तेवढ्यात इथिओपियाचा निघून गेला. "मी दमलो नव्हतो बाबा," तो म्हणाला. "मला आनंद झाला होता."  तापकिगेनने त्याच्या खांद्यावर भार दिला आणि चढ चढत राहिली. कारण ऐकून तिला उलट जास्तच वाईट वाटलं.

पुढे किबिवोत देशाच्या संघात कधी आला नाही. तीन वर्षं तो मोठमोठ्या धावपटूंना वेग धरून द्यायला धावला, मग तेही सुटलं. चहा लावला, गाई वाढवल्या, लग्न केलं. गावाने त्याला एका आकड्याचा किबिवोत म्हणायचं काही वर्षांनी सोडून दिलं. किरोंगो तापकिगेनला वहिनी म्हणतच राहिला. सवय जात नाही, असं तो सांगायचा. तिने दुधाला पुन्हा कधी हात लावला नाही. लोक विचारायचे, आबा, आता काय हरकत आहे? ती म्हणायची, मला ते जमत नाही, हे सगळ्यांनी चाखलंय.

ती गेली ती थंडीच्या दिवसांत, सत्त्याहत्तराव्या वर्षी, झोपेत. सकाळी अंगण भरून गेलं. आमच्याकडे दफन घराच्या अंगणातच होतं. दारातून बाहेर पडताना पुरुष उजव्या हाताला, बाई डाव्या हाताला. डावीकडे जेमेली होती, उजवीकडे किपचुंबा. किबिवोत खोरं घेऊन मधोमध उभा होता. त्याचं मन कशात होतं ते सगळ्यांना दिसत होतं, पण असली जागा मुलाने एकट्याने ठरवायची नसते, घराण्यातल्या वडीलधाऱ्याने दाखवायची असते. अराप बिर्गेन केव्हाच गेला होता. वडीलधारा म्हणून उरला होता एकटा किरोंगो, आणि त्याचे गुडघे गेले होते. त्याला त्याच्या सुनेने धरून आणलं.

किबिवोतने विचारलं, "काका, कुठे?"

किरोंगोने सुनेचा हात सोडला आणि पुतण्याच्या हातातलं खोरं मागून घेतलं. तो लंगडत उजवीकडे गेला, भावाच्या शेजारची जागा पायाने मोकळी केली आणि पहिला घाव स्वतः घातला.